डायलिसिसच्या रुग्णाची कंडू : हेतुविचार आणि आपल्या चिकित्सेची सीमा

वृक्कांचे कार्य संपुष्टात आलेला आणि डायलिसिसच्या आधारे जगणारा रुग्ण आपल्या दवाखान्याची पायरी मूळ व्याधीसाठी क्वचितच चढतो. मूळ व्याधीचे काय करायचे ते ठरलेले आहे, हे तो मनोमन जाणून असतो. तो येतो झोप लागत नाही म्हणून, अन्नावर वासना नाही म्हणून, आणि या दोहोंपेक्षाही अधिक वेळा अंगाला कंड सुटते म्हणून. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना हा अनुभव नवा नाही. पूर्वी ‘रक्त धुवायला’ पुण्याची किंवा सोलापूरची वाट धरावी लागे. आता बारामतीत ती सोय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे आणि २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाल्यापासून हा उपचार सामान्य शेतकरी कुटुंबाच्याही आवाक्यात येऊ लागला आहे. परिणामी डायलिसिसवर पाच-सात वर्षे काढणारे रुग्ण आज खेडोपाडी आढळतात. आयुष्य लांबले, तशी त्या आयुष्यातील दीर्घकालीन पीडाही आपल्यासमोर येऊ लागली. कंडू ही त्यांतील सर्वांत उपेक्षित पीडा होय.

उपेक्षित म्हणण्यास कारण आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉप्स’ या बहुराष्ट्रीय पाहणीत बारा देशांतील अठरा हजारांहून अधिक हिमोडायलिसिस रुग्णांचा विचार झाला. त्यांतील ४२ टक्के रुग्णांना मध्यम ते अतितीव्र स्वरूपाची कंडू होती. अशा रुग्णांत मृत्यूचा धोका इतरांपेक्षा १७ टक्के अधिक आढळला आणि त्याचा मोठा वाटा निद्रानाशाशी निगडित असल्याचे दिसून आले. याच पाहणीच्या २०१७ सालच्या एका विश्लेषणातून आणखी एक विदारक गोष्ट पुढे आली. ज्यांना जवळजवळ सदैव कंडूचा त्रास होता, अशा रुग्णांपैकी १७ टक्क्यांनी तो कोणाही वैद्यकीय कर्मचाऱ्यास सांगितलेलाच नव्हता. आणि बहुतेक केंद्रप्रमुखांचा आपल्याकडे असे रुग्ण किती असावेत याविषयीचा अंदाज प्रत्यक्षाहून कमीच होता. ही प्रगत देशांची कथा. आपल्याकडे तर ‘एवढा मोठा आजार, त्यात खाजेचे काय घेऊन बसायचे’ अशीच घरच्यांची आणि बव्हंशी रुग्णाचीही भावना असते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, विचारावे. आणि मोजावे. आधुनिक पद्धतीत शून्य ते दहा अशी पट्टी वापरतात. आपल्याकडील वयस्क रुग्णास ती पट्टी समजावत बसण्यापेक्षा ‘रुपयात किती आणे खाज आहे?’ असे विचारले की उत्तर तत्काळ मिळते. बारा आणे, दहा आणे, ‘रात्री सोळा आणे आणि दिवसा चार’ असे नेमके उत्तर येते. ते तारखेसह टिपून ठेवावे. पुढील भेटीत औषधाचा गुण ठरविण्यासाठी आपल्या स्मरणशक्तीपेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह असतो.

ओळख आणि व्यवच्छेद

या कंडूचे वैशिष्ट्य असे की, त्वचेवर मूळचा स्फोट, पिटिका किंवा मंडल काहीच नसते. जे दिसते ते खाजविल्याचे फळ : ओरखडे, खपल्या, जाड व काळवंडलेली त्वचा, आणि जुनाट रुग्णांत कठीण गाठी. पाठ हे तिचे आवडते स्थान. त्याखालोखाल हात, छाती, डोके. बहुधा दोन्ही अंगांस सारखी, रात्री वाढणारी, उष्णतेने व घामट कपड्यांनी चेतणारी. काहींना डायलिसिस चालू असताना किंवा त्यानंतर लगेच अधिक होते.

परंतु डायलिसिसचा रुग्ण आहे म्हणून प्रत्येक खाज वृक्कजन्य मानणे योग्य नव्हे. ग्रामीण भागात सर्वप्रथम वगळावयाची गोष्ट म्हणजे खरूज. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर, जननेंद्रियाचा भाग पाहावा आणि घरातील अन्य कोणास खाज आहे काय, हे विचारावे. सून आणि नातवंडेही खाजवीत असतील, तर निदान निश्चित समजावे. उपचार साऱ्या घराचा करावा लागतो. कामला, मधुमेह, थायरॉइडचे विकार, लोहक्षय, यकृताला झालेला ‘सी’ विषाणूचा संसर्ग, नव्याने सुरू झालेले एखादे औषध, हीही कारणे ध्यानात ठेवावीत. खाज फक्त डायलिसिस चालू असतानाच होत असेल, तर चिकटपट्टी, हिपॅरिन किंवा डायलायझर यांपैकी कशाची तरी प्रतिक्रिया असू शकते. ते डायलिसिस केंद्रासच कळवावयास हवे. आपल्या औषधाने तिथे काही साधणार नाही.

नत्र, स्फुरद, पालाश

या प्रदेशातील रुग्णास त्याचा आजार समजावून सांगण्याचा एक सोपा मार्ग त्याच्याच शेतात आहे. उसाला आपण नत्र, स्फुरद आणि पालाश देतो. वृक्क निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात साचून राहणारे तीन प्रमुख घटक नेमके तेच : नत्रापासून झालेला युरिया, स्फुरद आणि पालाश. माळेगाव, भवानीनगर किंवा सोमेश्वरनगरच्या परिसरातील कोणाही ऊस उत्पादकास हे सांगितले की पुढचे व्याख्यान करावे लागत नाही. तोच विचारतो, ‘म्हणजे माझ्या अंगात खताचा डोस जादा झालाय?’ उत्तर होकारार्थी आहे.

यांतील स्फुरदाचा कंडूशी संबंध दीर्घकाळ चर्चेत आहे. वृक्क स्फुरद बाहेर टाकू शकत नाहीत, म्हणून रक्तातील स्फुरद वाढते, त्यामुळे व जीवनसत्त्व ‘ड’च्या अभावामुळे पॅराथायरॉइड ग्रंथी उत्तेजित होतात, हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरते, आणि स्फुरद-कॅल्शियमचे क्षार रक्तवाहिन्यांत व त्वचेत साचू लागतात. १९६८ मध्ये अमेरिकेतील चिकित्सकांनी असाध्य कंडू असलेल्या काही रुग्णांच्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा बहुतांश भाग शस्त्रक्रियेने काढल्यावर कंडू नाहीशी झाल्याचे नमूद केले, तेव्हापासून ही विचारसरणी रूढ झाली. तथापि अलीकडच्या मोठ्या पाहण्यांत हा संबंध पूर्वी मानला गेला तितका दृढ आढळलेला नाही. स्फुरद वाढलेले असून खाज नाही आणि स्फुरद आटोक्यात असून अंग ओरबाडले जात आहे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण भेटतात. मग स्फुरदाकडे लक्ष का द्यावे? एक तर काही रुग्णांत त्याने निश्चित फरक पडतो. आणि दुसरे म्हणजे कंडूसाठी नव्हे तरी हृदय व रक्तवाहिन्यांसाठी ते आवश्यकच आहे.

येथे थोडा हिशेब मांडणे उपयुक्त ठरेल. साध्या आहारातून दिवसाकाठी सुमारे एक ग्रॅम स्फुरद पोटात जाते असे धरू; त्यातील साठ टक्के शोषले गेले, तर आठवड्यास सुमारे ४२०० मिलिग्रॅम रक्तात आले. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये साधारण ८०० मिलिग्रॅम निघते. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस केले तर २४०० निघाले, दोनच वेळा केले तर १६००. शिल्लक उरलेल्या स्फुरदास आतड्यातच अडविण्यासाठी जेवणासोबत बंधक गोळ्या दिल्या जातात. जेवणासोबत हा शब्द महत्त्वाचा. रिकाम्या पोटी घेतलेली बंधक गोळी बांधणार कोणास? कित्येक रुग्ण ‘गरम पडते’ म्हणून ती सकाळी दुधासोबत एकदाच घेऊन मोकळे होतात. ही चौकशी करावयास वैद्याला पाच मिनिटे पुरतात.

आपल्याकडे तीनऐवजी दोनच वेळा डायलिसिस करणारे रुग्ण पुष्कळ आहेत. इंदापूरहून बारामतीचे अंतर सुमारे ५० किलोमीटर. सोबत एक माणूस लागतो, त्याचा रोजगार बुडतो. कारखान्याची तोड आली, घरात लग्न निघाले, की एखादी पाळी चुकते. अपुरे डायलिसिस हे कंडूचे एक मान्य कारण आहे. म्हणून ‘खाज कधीपासून वाढली’ या प्रश्नाला जोडूनच ‘गेल्या महिन्यात किती पाळ्या चुकल्या, आणि चार तास पूर्ण बसता की साडेतीनलाच उठता’ हा प्रश्न विचारावा. या एका प्रश्नाने कित्येकदा निम्मे निदान होते.

पथ्याविषयी दोन शब्द. डाळी, ज्वारी यांतील स्फुरद बीजातील फायटेटच्या रूपात असल्याने निम्मे किंवा त्याहून कमीच शोषले जाते. दूध-मांसातील त्याहून अधिक. आणि कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांत मिसळलेले जवळजवळ सगळे. काळ्या रंगाची शीतपेये, प्रक्रिया केलेले चीज, डबाबंद व पाकीटबंद पदार्थ यांचे पथ्य म्हणूनच कडक असावे. दुधाच्या एका पेल्यात सुमारे पावणेदोनशे ते दोनशे मिलिग्रॅम स्फुरद असते. दूधदुभत्याच्या या मुलखात ‘अशक्तपणा आहे, दूध घ्या’ हा सल्ला शेजारीपाजारी सर्वजण देतात. भिगवणच्या बाजारात मिळणारी उजनीची ताजी चिलापी काटे काढून बेताने खाता येईल, परंतु काट्यांसकट खाल्ली जाणारी सुकी मासळी टाळावी. उलटपक्षी, डायलिसिस सुरू होण्यापूर्वी सांगितलेला प्रथिनांचा निषेध डायलिसिस सुरू झाल्यावरही तसाच चालू ठेवणे अहितकारक आहे; या रुग्णास प्रथिने अधिकच लागतात, कारण काही अंश यंत्रावाटे निघून जातो. अंड्याचा पांढरा भाग त्या दृष्टीने सोयीचा. भाज्या उकडून पाणी टाकावे. पुरणाच्या डाळीचे पाणी मात्र आपण टाकत नाही, त्याची कटाची आमटी करतो. त्या कटात डाळीचे पालाश उतरलेले असते. शहाळे, उसाचा रस, डाळिंबाचा रस यांबाबतही तेच. पालाशाने खाज होत नाही, हृदय थांबते.

रूक्ष त्वचा आणि स्वेदवह स्रोतस

प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या चिकित्सेस खरा वाव आहे तो येथे. डायलिसिसच्या निम्म्याहून अधिक रुग्णांची त्वचा कोरडी, खरखरीत व कोंड्यासारखी सुटणारी असते. सूक्ष्मदर्शकाखाली स्वेदग्रंथी आकसलेल्या दिसतात; घाम येणे कमी होते. चरकसंहितेच्या विमानस्थानात स्वेदवह स्रोतसाची दुष्टी सांगताना घाम न येणे व अंगाचे पारुष्य ही लक्षणे गणली आहेत, आणि त्या स्रोतसाचे मूळ मेद व लोमकूप सांगितले आहे. मेदोवह स्रोतसाचे मूळ त्याच अध्यायात वृक्क आणि वपावहन. स्वेद हा तर मेदाचा मलच. वृक्क, मेद आणि स्वेद यांची ही साखळी वाचताना डायलिसिसच्या रुग्णाची ती खरखरीत पाठ डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. अर्थात हे साम्य आहे, सिद्धता नव्हे. संहिताकारांसमोर डायलिसिसचा रुग्ण नव्हता. तरीही या दृष्टीने पाहिल्यास कंडू म्हणजे कफ, आणि कफ म्हणजे रूक्षण, असे यांत्रिक समीकरण या रुग्णांत का चालत नाही, ते उमगते. येथे रूक्षतेने वाताचा प्रकोप आहे. रूक्ष, तीक्ष्ण, कटू द्रव्यांचे लेप लावल्यास कंडू शमण्याऐवजी पेटते.

कंडूघ्न महाकषायात चरकाने चंदन, जटामांसी, बहावा, करंज, निंब, कुडा, मोहरी, ज्येष्ठमध, दारुहळद आणि मुस्ता ही दहा द्रव्ये दिली आहेत. त्यांतील मोहरीचाच विचार करू. तिचे तेल कोरड्या, भेगाळलेल्या त्वचेस लावल्यास त्वचेचे बाह्य आवरण दुर्बल होते, असे प्रयोगांत आढळले आहे. सूर्यफुलाचे तेल मात्र ते आवरण सांधते, याचे कारण त्यातील लिनोलिक आम्ल. आपल्या कोरडवाहू पट्ट्यातील करडईच्या तेलात हे आम्ल विपुल असते. घाण्याचे करडईचे तेल किंवा खोबरेल, हे या रुग्णासाठी पुरेसे आणि परवडणारे स्नेहद्रव्य आहे. करंज तेल खरजेसाठी राखून ठेवावे. ज्येष्ठमध पोटात देणे मात्र या रुग्णांत टाळावे. त्याने रक्तदाब वाढतो.

शतधौत घृताचा उल्लेख अवश्य करावयास हवा. तूप शंभर वेळा धुताना त्यात पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बांधले जाते आणि मूळचा तेलकटपणा जाऊन ते पांढरे, मऊ, शीत होते. वृक्करोग्यांच्या कोरड्या त्वचेसाठी आधुनिक त्वचाशास्त्र जलांश अधिक असलेले मलम सुचविते. शतधौत घृत हे त्याच जातीचे. ते ताजे असावे. जलांशामुळे त्यास बुरशी व खवटपणा लवकर येतो, म्हणून थोड्या प्रमाणात करावे आणि थंड जागी ठेवावे. वर्षभर फळीवर राहिलेली बरणी रुग्णाच्या हाती देऊ नये.

स्नेह लावण्याची वेळ द्रव्याइतकीच महत्त्वाची. स्नान कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांत आटोपते घ्यावे. अंग टिपून ओलसर असतानाच स्नेह लावावा, म्हणजे पाणी आत कोंडले जाते. आपल्याकडे आजारी माणसास ‘चांगले कढत’ पाणी देण्याची रीत आहे, ती येथे सोडवावी लागते.

पाण्याविषयी या भागापुरते एक अवांतर. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला ऊस दिला, तशी क्षारपड जमीनही दिली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील डॉ. हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० सालीच नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर स्वतंत्र अहवाल लिहिला होता. म्हणजे प्रश्न शंभरीपार गेलेला आहे. अशा जमिनीतील विहिरी व विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होतो आणि तो त्वचेवर बसतो. फेस होईना म्हणून साबण आणखी चोळला जातो. कोरड्या त्वचेस याहून वाईट काही नाही. साबण काख-जांघेपुरता ठेवून इतर अंगास मसुराचे किंवा हरभऱ्याचे पीठ सायीशिवाय, नुसत्या पाण्यात कालवून लावणे बरे. किंवा तेही नको, नुसते पाणी. ज्यांच्या घरी नळाचे किंवा पावसाचे गोडे पाणी मिळते, त्यांनी रुग्णाच्या शेवटच्या दोन तांब्यांपुरते तरी ते राखावे.

आपल्या फळीवरील भस्मे आणि क्षार

आता थोडा अप्रिय भाग. इंदापूर तालुक्यातील एक बागायतदार रुग्ण कंडूसाठी प्रस्तुत लेखकाकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीतील सारी औषधे टेबलावर मांडून घेतली. वृक्कतज्ज्ञांनी दिलेल्या कॅल्शियमयुक्त बंधक गोळ्या होत्या. हाडे दुखतात म्हणून दुसऱ्या कोणी दिलेले ‘ड’ जीवनसत्त्व होते. आणि आम्लपित्तासाठी दुकानातून स्वतःच आणलेला कामदुधा रस होता, दिवसातून तीन वेळा. कामदुधेत मुक्ता, प्रवाळ, मुक्ताशुक्ती, कपर्दिक आणि शंख ही पाचही द्रव्ये कॅल्शियमचीच. तीन दिशांनी कॅल्शियम येत होते आणि बाहेर जाण्यास वाट नव्हती. कामदुधा बंद केली, वृक्कतज्ज्ञांना चिठ्ठी दिली; त्यांनी रक्त तपासून बंधक गोळी बदलली. त्याच सुमारास स्नानाची पद्धत व करडईचे तेलही सुरू झाले. दोन महिन्यांत बारा आण्यांची खाज पाच आण्यांवर आली. यांतील नेमके कशाने, ते सांगता येणार नाही, आणि तसा दावाही नाही. परंतु पिशवी उघडून पाहिली नसती, तर आपणही त्यात चौथे औषध टाकले असते, एवढे खरे.

कॅल्शियमपेक्षाही भयंकर प्रश्न पालाशाचा. यवक्षार हा मुख्यतः पालाशाचा क्षार आहे. श्वेत पर्पटीचा मुख्य घटक सोरा, तोही पालाशाचाच. शंखवटीत चिंचाक्षार असतो, चंद्रप्रभेत यवक्षार. पुनर्नवेत निसर्गतःच पोटॅशियम नायट्रेट भरपूर असते. ‘लघवी कमी होते’ एवढे ऐकून श्वेत पर्पटीची पुडी किंवा पुनर्नवेचा काढा हाती देणे, ही ज्याच्या वृक्कांतून मूत्रच तयार होत नाही अशा माणसाच्या बाबतीत चिकित्सा नव्हे. मूत्रल औषधास काम करण्यासाठी जिवंत वृक्क लागतो. सैंधवाविषयीही गैरसमज आहे. सैंधव म्हणजे मीठच, त्यानेही तहान लागते आणि दोन डायलिसिसमधील वजन वाढते. बाजारातील ‘कमी सोडियमचे’ मीठ तर पालाशयुक्त असल्याने पूर्णतः वर्ज्य. काढे आणि आसवारिष्टे देताना त्यांतील द्रव दिवसाच्या ठरलेल्या पाण्यातून वजा करावा लागतो, हेही विसरता कामा नये.

कंडू म्हटली की आपला हात गंधक रसायन आणि आरोग्यवर्धिनीकडे जातो. आरोग्यवर्धिनीत पारद आहे, ताम्र आहे. २०२२ मध्ये दक्षिण भारतातून पारदयुक्त पारंपरिक औषधे घेणाऱ्यांत आढळलेल्या वृक्कविकाराची नोंद प्रसिद्ध झाली; औषध थांबविल्यावर बहुतेकांचा विकार ओसरला. त्या औषधांचे शोधन-मारण कसे झाले होते, हा वाद आपण आपसांत घालू शकतो. परंतु ज्याचा उत्सर्जनाचा मार्गच बंद आहे आणि ज्याचे उरलेसुरले पेलाभर मूत्र हाच त्याचा ठेवा आहे, त्याच्यावर रसौषधींचा प्रयोग न करणे हेच आमच्या दृष्टीने शहाणपणाचे होय. काही ज्येष्ठ वैद्यांना हे मत पटणार नाही, याची जाणीव आहे.

हळदीविषयी मात्र आशादायक पुरावा आहे. इराणमध्ये डायलिसिसच्या शंभर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्यांना हळदीची ५०० मिलिग्रॅमची कुपी दिवसातून तीन वेळा, आठ आठवडे दिली, उरलेल्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय कुपी. हळदीच्या गटात कंडू आणि शरीरातील शोथाचा निर्देशक, दोन्ही अधिक घटले. अभ्यास लहान आहे. शिवाय हळदीत ऑक्झॅलेट असते आणि रक्तस्रावाची प्रवृत्तीही पाहावी लागते, म्हणून तज्ज्ञांना कळवूनच द्यावी, दीड ग्रॅमपलीकडे नेऊ नये. ‘हळद म्हणजे हरिद्राखंड’ असेही समजू नये. त्यात साखर मोठ्या प्रमाणात असते आणि आपल्या डायलिसिस रुग्णांत मधुमेही कमी नाहीत.

आधुनिक बाजूस कंडूचे कारण आता मज्जातंतू आणि शरीरातील ओपिऑइड द्रव्यांच्या असमतोलात शोधले जाते. म्हणूनच सामान्य ॲलर्जीच्या गोळ्यांनी झोप येते, खाज फारशी जात नाही. डायलिसिसनंतर अल्प मात्रेत गॅबापेंटिन दिले जाते. मात्रा थोडी वाढली तरी रुग्ण गुंगतो, बरळतो. जपानमध्ये २००९ पासून नालफ्युराफिन आणि अमेरिकेत २०२१ पासून डायफेलिकेफॅलिन ही औषधे याच कारणासाठी मान्य झाली आहेत. विशिष्ट अतिनील किरणांचा उपचार १९७० च्या दशकापासून ज्ञात आहे. वृक्कप्रत्यारोपण यशस्वी झाल्यास कंडू बहुधा जाते.

काय करू नये

ज्या हातात फिस्टुला आहे, त्या हातास अभ्यंग नाही, मर्दन नाही, पट्टबंधन नाही, रक्तदाबही मोजू नये. डायलिसिसच्या दिवशी सुया टोचण्याच्या जागी तेलाचा अंशही असू नये. चिकटपट्टी निसटते आणि जंतुसंसर्गाची भीती राहते. स्वेदनाने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. हिपॅरिन घेणाऱ्या, पांडुरोगी रुग्णाचे रक्तमोक्षण करू नये. त्वग्विकार म्हणून विरेचन देणे, निरूहबस्ती देणे, शोधनार्थ स्नेहपान करविणे, हे या रुग्णाच्या बलास झेपणारे नाही.

आणि डायलिसिस कमी करण्याचे किंवा सोडण्याचे आश्वासन कधीही देऊ नये. खाजेला कंटाळलेला रुग्ण विचारतोच, ‘मशीनमुळेच होतेय ना हे? तुमचे औषध घेतो, मशीन बंद करतो.’ हा प्रश्न विचारताना त्याचा चेहरा ज्याने पाहिला आहे, त्यास नाही म्हणणे किती कठीण जाते ते ठाऊक असेल. तरीही उत्तर एकच. पूर्णतः निकामी वृक्काचा रुग्ण डायलिसिसविना बहुधा काही दिवस ते काही आठवडेच काढतो. आणि कंडू तर अपुऱ्या डायलिसिसने वाढते.

औषधी विक्रेत्या बंधूंनी तीन गोष्टी आजपासून सुरू कराव्यात, अशी विनंती आहे. श्वेत पर्पटी, यवक्षार, कामदुधा, शंखवटी किंवा पुनर्नवायुक्त कोणतेही औषध चिठ्ठीविना मागितले गेल्यास ‘घरात कोणी डायलिसिसवर आहे काय?’ एवढे विचारावे. अनुसूची ‘ई-१’ मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. ती सूचना ग्राहकास वाचून दाखवावी, कारण ती बहुधा कोणी वाचत नाही. आणि ‘डायलिसिसपासून मुक्ती’ अशा अर्थाची पत्रके, भित्तिचित्रे किंवा दिनदर्शिका कोणी कंपनी-प्रतिनिधी आणून देत असेल, तर ती परत करावी. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ‘ब्राइट्स डिसीज’ हे वृक्कशोथाचे जुने नाव पहिल्या काही व्याधींतच आहे, आणि कायदा पत्रक छापणाऱ्यापुरता थांबत नाही. त्याच्या प्रसिद्धीत भाग घेणाऱ्यासही तो लागू होतो.